ब्याण्णववर थांबलेला काटा

१४ ऑक्टोबर

आजही ब्याण्णव.

काट्यावरून उतरले, परत चढले. मग काटा उचलून स्वयंपाकघरातल्या सपाट फरशीवर नेऊन ठेवला. तिथेही ब्याण्णव. आई गॅसपाशी उभी होती. तिनं दुधाखालची आच तेवढी कमी केली.

दसऱ्याच्या आधीपासून हेच चाललंय. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं तेव्हा एकशे एकवीस होते. पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी करून ठेवली आहे डॉक्टरांनी. पहिले काही महिने वजन उन्हात ठेवलेल्या तुपासारखं वितळलं. अंगठी सैल, चपला सैल, सगळं जगच जरा सैल. मग एक दिवस थांबलं. का, कोणास ठाऊक.

किडनीचे डॉक्टर म्हणाले होते, नव्वदच्या खाली या, मग तुमच्या तपासण्या पुढे नेऊ. भाऊला — आईच्या चंद्रभानला — माझी किडनी द्यायची आहे. बाबा नाहीत, आईला शुगर, वहिनीचा रक्तगट वेगळा. उरले मी — आणि माझ्यातले हे वरचे दोन किलो.

पहाटे स्वप्न पडलं. उमरेडच्या आमच्या गल्लीत बाबांनी मागासाठी सुताचा ताणा पसरलाय, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लिंबाच्या रंगाचा. आणि मी त्या सुतावरून चालते आहे. एक धागासुद्धा वाकत नाही. बाबा खाली उभे. सांभाळ म्हणत नाहीत, नुसते वर बघतात.

जाग आली तेव्हा तळपायांना अजून सूत लागत होतं.

१६ ऑक्टोबर

कोजागिरी. सोसायटीच्या गच्चीवर सगळे जमले होते. मसाला दुधाचे दोन घोट घेतले, बाकीचा पेला हातात धरून बसले. बायका म्हणत होत्या, दीपमाला, किती बारीक झालीस गं! मी हसत होते. मनात ब्याण्णव.

शहराच्या कडेचं आमचं बेसा अजून पूर्ण भरलेलं नाही. आमच्या इमारतीमागे तुरीचं शेत शिल्लक आहे. चांदणं तुरीवर असं पडलं होतं की शेत हळूहळू वर उचललं जाईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही, असं वाटलं.

१९ ऑक्टोबर

भाऊ आला होता. आठवड्यातून तीनदा उमरेडहून येतो. डायलिसिस करून दुपारी आमच्याकडे पडतो आणि ऊन उतरलं की बसने परत. वहिनी साड्यांचं दुकान सांभाळते, म्हणून बहुतेकदा एकटाच.

मशीनवरून आला की त्याचा चेहरा पिळून ठेवलेल्या कापडासारखा होतो. मी कॉलेजात अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते — तसंही दुपारी माझ्या लायब्ररीत झोपेला आलेली पोरं अन् पंखे, एवढंच असतं. आईनं दोघांपुढे ठेवलं. त्याच्यापुढे अर्धा पेला पाणी, माझ्यापुढे छोटी वाटीभर वरण. त्याला पाणी मोजून, मला जेवण मोजून. आई दोघांकडे बघत राहिली, मग उठून बाल्कनीत गेली.

भाऊ म्हणाला, चल, तू जेवणाचं सांग, मी पाण्याचं सांगतो.

मग डोळे मिटून तो सांगायला लागला. मामाच्या गावी, पारशिवनीकडे, कालव्याच्या काठावर पालथं पडून तोंड बुडवून पाणी प्यायचो. नाकात जायचं. पाण्याला गवताचा वास यायचा. मी सावजी रस्सा सांगितला — वर तेलाचा लाल तवंग, पहिल्या घासाला कान गरम होतात तो. भाताचा खड्डा, त्यात रस्सा, कडेनं पसरत जाणारा. तो म्हणे, हळू सांग, घाई काहून करतं.

ऊन उतरेपर्यंत सांगत होतो. माझं पोट खरंच भरल्यासारखं झालं. वरण तसंच राहिलं.

२५ ऑक्टोबर

ब्याण्णव. संध्याकाळचं जेवण बंद केलं आजपासून. आईला सांगितलं, कॉलेजात खाऊन आले.

३० ऑक्टोबर

प्रोटीनची पावडर दुधात हलवली की वासानेच ढवळतं. तीही सोडली. गोळ्या विसरल्या जातात. कंगव्यात केसांचा पुंजका निघतो, मी तो खिडकीतून सोडते आणि तो बराच वेळ खाली जात नाही.

पण सकाळचं चालणं! धुकं पडायला लागलंय. नव्या लेआउटचे रस्ते शेतात जाऊन संपतात, तिथपर्यंत जाते. पाय जमिनीला लागत नाहीत. उपाशी असलं की अंग तरंगतं, आवाज लांबून येतात, कुत्रीसुद्धा मऊ भुंकतात. मला हे आवडायला लागलंय, असं वाटतं.

काटा मात्र जमिनीवरच आहे.

३ नोव्हेंबर

भाऊबीजेला उमरेडला गेलो, आई अन् मी.

ओवाळताना भाऊनं ताटात साडी ठेवली. दुकानातली सगळ्यात चांगली, जांभळ्या काठाची. रंभाबाई आत्या पलीकडे पाटावर बसली होती. म्हणाली, यंदा ओवाळणी उलटी हाय म्हणा, बहीणच भावाले देऊन राहिली. सगळे हसले. मीही हसले. मग तिनं सुपारी कातरता कातरता म्हटलं, "दीपाचं बरं हाय. लगन नाही, लेकरं नाही. तिच्या आंगाचं काय अडून राहिलं?"

वाईट मनानं नाही म्हणाली. रंभाआत्या कधीच वाईट मनानं काही म्हणत नाही. पण मला एकदम दिसलं की माझं अंग म्हणजे घरात कोणी वापरत नाही असं गोदरेजचं कपाट आहे. उघडा, लागेल ते काढा.

वहिनीनं पटकन चहाचं विचारलं. भाऊ दाराकडे बघत होता.

येताना बसमध्ये आई खिडकीशी बसली. कुही फाट्याच्या पुढे कुठेतरी, बाहेर बघतच बोलली, "एकाले वाचवाले दुसरीले कापू का मी? मले कोनी इचारलं का हे?"

बाहेर कापूस फुटला होता. ऊन तिरपं होतं आणि शेतंच्या शेतं जागच्या जागी तरंगत होती. आईनं माझा हात घेतला, मनगटाचं हाड चाचपलं, आणि हात तसाच धरून झोपली.

९ नोव्हेंबर

हे लिहायचं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं.

आंघोळीनंतर आरशासमोर उभी राहिले. गळ्याखाली दोन हाडं दिसली. आयुष्यात पहिल्यांदा. बोट फिरवून बघितलं, तिथे पाण्याचा एक थेंब अडकला होता. एकोणचाळीस वर्षं मी या अंगाला कपडे घातले, ओढून नेलं, बसच्या सीटवर आवरून घेतलं. स्थळं आली अन् फोटो बघून गेली, तेव्हा याच्यावर रागावले. आत्ता कुठे ते माझ्याकडे आलंय — आणि आल्या आल्या त्यातला एक तुकडा दुसऱ्याच्या नावावर.

भाऊवर माझा जीव आहे. त्यात काही खोट नाही.

पण रोज सकाळी काटा ब्याण्णव दाखवतो तेव्हा मी रडकुंडीला येते, आणि त्याच वेळी आत कुठेतरी एक श्वास सुटतो. आज नाही. अजून नाही.

मग त्या श्वासाची शिक्षा म्हणून मी जेवत नाही.

१४ नोव्हेंबर

ब्याण्णव. दुपारपर्यंत पाण्यावर. बोटं गार पडतात.

१९ नोव्हेंबर

काल लायब्ररीत पडले.

पडले असं मला वाटलंच नाही. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला हात वर केला. खिडकीतून उन्हाचा पट्टा आला होता, त्यात धूळ फिरत होती, सोनेरी. एकेक कण मला नीट दिसत होता. मग मी त्या धुळीतच होते. फार छान होतं तिथे. कोणी काही मागत नव्हतं. बाबांचा माग कुठेतरी चालू होता, खट खट, खट खट. मी म्हटलं, इथेच राहावं.

डोळे उघडले तर मयुरी मॅडमचा चेहरा. फिजिक्स शिकवतात, आवाज खणखणीत. त्यांनी माझे पाय पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवले होते. खट खट म्हणजे बिघडलेला पंखा होता.

मॅडम त्यांच्या स्कूटीवरून दवाखान्यात घेऊन गेल्या. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाल्या, घट्ट धरा हो मला. मी धरलं. तेव्हा रडायला आलं. इतक्या दिवसांत कोणाला घट्ट धरलंच नव्हतं.

२० नोव्हेंबर

रिपोर्ट आले. रक्त साडेआठवर. प्रोटीन कमी, लोह कमी, व्हिटॅमिनही कमी.

आहारतज्ज्ञ मुलगी तशी गोड बोलणारी, आज गोड नव्हती. म्हणाली, सहा महिन्यांनी वजन थांबतं, बहुतेकांचं थांबतं, मी हे तुम्हाला आधीच सांगितलं होतं. सांगितलं होतं खरं. मी ऐकलं नव्हतं. अंग काही आठवडे दम खातं, मग आपल्या चालीनं पुढे जातं, कधी थोडंच जातं. तुम्ही त्याला उपाशी मारलंत, म्हणून ते आणखी घट्ट धरून बसलं. शिवाय जे गेलं ते चरबीचं नाही, स्नायूंचं.

सर्जननी रिपोर्टवरून मान वर केली. "दीपमालाताई, या रक्तावर तुमची किडनी कोणीही घेणार नाही. वजन साठ असलं तरी नाही."

आई शेजारीच बसली होती. तिला आत्ता कळलं, कॉलेजात खाऊन येत होते म्हणजे काय करत होते ते. रिक्षात पदर तोंडाला लावून बसली होती.

२२ नोव्हेंबर

भाऊ आला. त्याला आईनं सगळं सांगितलं होतं.

डायलिसिसचा दिवस नव्हता तरी आला, दुकान बंद ठेवून, वहिनीला घेऊन. वहिनी आईजवळ स्वयंपाकघरात गेली. भाऊ माझ्यासमोर बसला. उकडलेलं अंडं सोलत होता. हळूहळू, कवच एकसंध निघावं असं. चार तुकडे केले, मीठ न लावता. बशी माझ्याकडे सरकवली.

"खाय. मी बसतो."

खाल्लं. एक तुकडा खाऊन थांबले, मग दुसरा. तो बाहेर तुरीकडे बघत होता. म्हणाला, डॉक्टरकडे जाऊन आलो. मेलेल्या माणसाची किडनी मिळते, त्या यादीत नाव टाकलं. नंबर लागेल तेव्हा लागेल.

मी विचारलं, काहून.

"तुले नाही म्हनता यावं म्हून. आता तू नाही म्हटलं तरी मी तुह्याशी असाच बोलीन, वं."

मग मला राहवलं नाही. नऊ तारखेला इथे जे लिहिलं ते सगळं सांगून टाकलं. काटा, आणि तो सुटणारा श्वास. मान खाली घालून सांगितलं, बशीतल्या पिवळ्या बलकाकडे बघत.

मला वाटलं तो उठून जाईल. वर बघितलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी, आणि ओठ हसायच्या बेतात.

"मलेही तसंच होते," तो म्हणाला. "आईचा फोन येते, का आज बी ब्याण्णवच. मी तुह्या वहिनीसमोर तोंड पाडतो, अन् आतून सुटतो. तुले त्या टेबलावर पाठवाचं मले लय भेव वाटते, दीपा."

दोघं हसायला लागलो. इतके हसलो की वहिनी धावत आली. तिला काही सांगता येईना. भाऊ दिवाणावर आडवा झाला, हसता हसता झोपला. मी उरलेले तुकडे खाल्ले. बाहेर ऊन पिवळं होत गेलं, खोली त्यात भिजत राहिली.

१ डिसेंबर

काटा मयुरी मॅडमना देऊन टाकला. त्या म्हणे, प्रयोगशाळेत ठेवते, पोरं दप्तरं मोजतील.

लोहाची इंजेक्शनं चालू. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खाते. अंडं, पनीर, मुगाचं धिरडं, पातळ वरण. आई घड्याळ बघत नाही, वाटी घेऊन येते आणि उभी राहते.

चावून खाल्लं की मुगाला चव असते. मी विसरले होते.

१२ डिसेंबर

संत्री आली. आईनं टोपलीभर आणली आणि सोलून बसली. घरभर वास. दोन फोडी खाल्ल्या. एकेक फोड तोंडात किती वेळ राहते! भाऊला संत्री चालत नाहीत. तो नुसतं साल नाकाशी धरून दिवाणावर पडला होता. म्हणाला, एवढं चालते.

दोन किलोच्या लोखंडी डंबेलनी हात उचलायला दवाखान्यात शिकवलंय. पहिल्या दिवशी थरथरत होते. आज दोन्ही हात वर गेले आणि वर राहिले. धुकं खिडकीपर्यंत आलं होतं. त्यात माझे दोन हात, जणू दुसऱ्याच कोणाचे, घट्ट उभे.

तरंगणं गेलंय. पाय जमिनीला लागतात. सुरुवातीला जड वाटलं. आता जमीन बरी वाटते.

२६ डिसेंबर

दवाखान्यात वजन केलं. त्र्याण्णव.

वाढलं! आहारतज्ज्ञ दुसराच कागद बघत होती. म्हणाली, हे बघा, हाताची ताकद, कमरेचा घेर, रक्त. स्नायू परत येत आहेत. पंजाबी सूट बाजूनं शिवून घ्या आता.

घरी येऊन दुपारी गाढ झोपले. स्वप्नात काही नव्हतं, फक्त ऊन.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळाची एक वडी चार वेळा मिळून खाल्ली.

आई केस विंचरून देत होती. मध्येच थांबली. म्हणाली, हे बघ, बारीक बारीक नवे येऊन राहिले. कपाळाच्या कडेनं, गवतासारखे. तिनं त्यांवरून बोट फिरवलं. मग कंगवा खाली ठेवला.

"खरं सांग. तुले मनातून द्याची हाय?"

ती विचारेल याची मी भाऊबीजेपासून वाट बघत होते. आई मागे बसली होती ते बरं झालं, तिचा चेहरा दिसत नव्हता.

मी सांगितलं की आधी वाटायचं, हे अंग तसंही कोणाच्या कामाचं नाही, निदान भाऊच्या तरी येऊ दे. रंभाआत्या बोलली त्याच्या कितीतरी आधीपासून मी स्वतःच तसं म्हणत होते. तेव्हा दिलं असतं तर ते टाकून दिल्यासारखं झालं असतं. आता मला हे अंग आवडतं, आई. आता हे माझं आहे. म्हणून आता देता येईल.

तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. "मले भेव वाटते," म्हणाली. मी म्हटलं, मलाही. भाऊलाही. मग तिनं कंगवा उचलला, भांग पाडला, वेणी घातली. लहानपणी घालायची तशी घट्ट, डोळे ताणले जातील अशी.

२८ जानेवारी

किडनीचे डॉक्टर. एक्क्याण्णव.

मी खुर्चीत बसतानाच सांगून टाकलं, नव्वदच्या खाली नाही आले. ते रिपोर्ट वाचत होते. एकेक पान उलटत होते, मला वाटलं पानं संपणारच नाहीत. खिडकीबाहेर निलगिरी हलत होती, तिच्याकडे बघत बसले.

म्हणाले, साखर उत्तम, बीपी उत्तम, रक्त भरून आलं, दोन्ही किडन्या छान काम करतात. नव्वद हा आम्हाला धरून चालायला एक आकडा. एका किलोसाठी मी तुम्हाला परत उपाशी ठेवणार नाही. सगळ्यांशी बोलतो आणि अवयवदानाच्या समितीपुढे ठेवतो.

मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, कोणाचा दबाव आहे का. मला एकटीलाच आत बोलावलं होतं त्याचं कारण आत्ता कळलं.

नाही म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला.

११ फेब्रुवारी

समितीनं होकार दिला. वहिनी फोनवर नुसती रडत होती. भाऊ म्हणाला, अजून बी नाही म्हनू शकतेस. मी म्हटलं, तू बी.

१७ फेब्रुवारी

उद्या भरती. बॅग भरली. सुती साड्या, दोन गाऊन, तेल, चष्मा. संध्याकाळी तुरीच्या शेताच्या कडेनं चालून आले. काढणी झाली आहे. जमीन मोकळी, उघडी, ऊब धरून असलेली. पोटावर डावीकडे हात ठेवून चालत होते. जा नीट, म्हटलं तिला. त्याचं ऐक.

२१ फेब्रुवारी

अक्षर वाकडं येतंय. कुशीवर वळता येत नाही.

आई पलीकडच्या वॉर्डातून भिंत धरत, दम खात, माझ्या खाटेपर्यंत चालत आली. एवढंच म्हणाली, "चंद्रभानले लघवी झाली." दोन वर्षं थेंब नव्हता. मग माझ्या उशाशी बसून ती सगळ्या नर्सांना, शेजारच्या खाटेवरच्या बाईला, पाणी द्यायला आलेल्या मावशीला तेच सांगत राहिली.